तलवारची घंटा, खुकरीची पट्टी : प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

१ सप्टेंबर, रविवार

पेटी आली. कोथरूडच्या एका ताईंनी त्यांच्या दिवंगत वडिलांचा संग्रह आमच्या वाचनालयाला दिलाय. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, तो वरच्या हॉलमध्ये मांडायचा असं विश्वस्तांनी ठरवलंय. यादी करणं, वस्तू तपासणं आणि प्रत्येकीखालची चिठ्ठी लिहिणं हे काम माझ्याकडे आलं.

पेटीत काय काय आहे: मुकुट कोरलेली पितळी घंटा, लाकडी ढालीवर बसवलेला 'खुकरी' या युद्धनौकेचा क्रेस्ट (जहाजाचं मानचिन्ह), अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात बंद केलेला 'विक्रांत'च्या पोलादाचा तुकडा आणि त्याचं प्रमाणपत्र, नौदलाचा घडी केलेला ध्वज, काळी जड दुर्बीण, शिवाय होकायंत्रं आणि सरकत्या नळ्यांचे टेलिस्कोप.

ताईंचे वडील नौदलात नव्हते. बँकेत नोकरी, आणि लहानपणी मुंबईच्या बंदरात पाहिलेल्या जहाजांचं आयुष्यभराचं वेड. निवृत्तीच्या पैशातला बराच भाग या पेटीत गेला, असं ताई म्हणाल्या. पावत्या त्यांनी नीट जपल्यात. त्यातले आकडे वाचून पोटात गोळा आला, कारण घंटा हातात घेतल्यापासूनच मला ती खटकत होती.

आजच एक नियम ठरवून टाकला. चिठ्ठीवर तीनच गोष्टी येतील: वस्तूवर काय दिसतं, तपासून काय कळलं आणि विकणाऱ्याचा दावा काय होता. या तिन्ही एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

४ सप्टेंबर, बुधवार

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. पेटीत आहे तसंच होकायंत्र तिथे फडक्यावर मांडलेलं दिसलं. झाकणावर तेच लंडनचं नाव, तेच एकोणिसाव्या शतकातलं साल. शेजारच्या फडक्यावर आणखी तसलीच. साल जुनं आणि स्क्रू परवाचे.

हा माल बराचसा मुरादाबाद आणि रुडकीकडे बनतो. तिथे पितळी होकायंत्रं, सेक्स्टंट, पाणबुड्यांची शिरस्त्राणं बनवण्याचा मोठा धंदा आहे आणि तो उघडपणे शोभेच्या वस्तूंचाच आहे. त्या कारागिरांना मी दोष देणार नाही, त्यांचं काम सुबक असतं. खोटेपणा पुढच्या हातात शिरतो. कोणीतरी वस्तूला मुद्दाम डाग पाडतो, 'आजोबा नौदलात होते' अशी गोष्ट जोडतो आणि किंमत दहापट करतो.

होकायंत्रं आणि टेलिस्कोप यांच्यापुढे 'आधुनिक शोभेची वस्तू' असं लिहून तो विषय संपवला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गणपतीचे दिवस गेले, आज कामाला परत बसले. आमच्या सोसायटीतल्या काकांना बोलावलं होतं. ते नौदलातून चीफ, म्हणजे वरिष्ठ नौसैनिक, म्हणून निवृत्त झाले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत इंजिनिअरिंग शिकले आणि सत्तरच्या दशकात जुन्या विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये होते.

घंटेवर मुकुट आहे, खाली एच.एम.आय.एस. (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे ब्रिटिश राजवटीतलं भारतीय जहाज) तलवार आणि १९४४. खोबणींत हिरवा थर. काकांनी चष्मा वर केला, घंटा उलटी केली, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"ही कधी कोणी घासलेलीच नाही गं."

"म्हणजे?"

"शिपवर पितळ हिरवं होऊ देतात होय? सकाळी ब्रासो आणि चिंध्या घेऊन पोरं बसलेलीच असतात. वर्षानुवर्षं घासून अक्षरांच्या कडा गोल होतात. खाचांत ब्रासोची पांढरी पावडर अडकून बसते, ती काही केल्या निघत नाही. इथे बघ, कडा बोटाला लागतायत."

खरंच लागत होत्या. इतकी तीक्ष्ण कड आणि इतका जुनाट हिरवेपणा एकाच जागी कसा असेल? घंटा वापरात होती म्हणावं तर कड झिजायला हवी होती. पडून होती म्हणावं, तर हिरवा थर सगळीकडे सारखा हवा होता. इथे तो फक्त डोळ्यांत भरेल अशा जागी आहे.

घंटेचं काम काय असतं, तेही काकांकडून नीट ऐकून घेतलं. दर अर्ध्या तासाला ठोके, चार तासांचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपताना आठ. घड्याळं स्वस्त झाल्यावरही ही पद्धत राहिली. रॉयल नेव्हीत जहाजावर बाळाचा बाप्तिस्मा करताना उलट्या घंटेत पाणी भरायचे आणि मग त्या बाळाचं नाव घंटेच्या आत कोरायचे. म्हणून जुनी घंटा हातात आली की आधी आत बघायचं. आमच्या घंटेच्या आत लेथच्या वर्तुळाकार रेघा आहेत, दुसरं काही नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

घंटा पिशवीत घालून कसबा पेठेत, तांबट आळीत नेली. तिथल्या एका जुन्या कारागिरांकडे बसले. त्यांचं मठारकाम चालू होतं. हंड्याच्या पोटावर ठोक्याशेजारी ठोका इतका सारखा पडत होता की मी मधे बोललेच नाही. थांबल्यावर त्यांनी घंटा घेतली, अंगठा ओला करून हिरव्या डागावर घासला. अंगठा हिरवा झाला.

"नवसागर मारलाय. व्हिनेगर-मीठ पण असंल. खरा गंज असा निघत नाही, धातूला धरून बसतो."

मग बोटाच्या पेरानं टिचकी मारली. आवाज आला आणि लगेच विरला. "कासं नाही हे, पितळ आहे." तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी घराघरात असते, तीच जात चांगल्या घंटेची: तांबं साधारण ७८ ते ८० टक्के आणि बाकी कथील. कथिलामुळे धातू कडक होतो आणि नाद लांबतो. पितळेत कथिलाच्या जागी जस्त असतं.

तिथून सोन्या मारुती चौकाजवळ टंच काढून देणाऱ्या दुकानात. सोन्याचा कस पाहायचं क्ष-किरणांचं यंत्र इतर धातूही दाखवतं, मात्र फक्त पृष्ठभागाचे. मुलामा असेल तर तेवढाच दिसणार. म्हणून आतल्या कडेला नखाएवढी जागा पॉलिश पेपरनं उघडी करून घेतली. तांबं ६१, जस्त ३६, उरलेलं शिसं. लेथवर सहज कापलं जाणारं बाजारातलं पितळ. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत, कागद मात्र छापून दिला.

इथे घाई करून चालणार नाही. युद्धकाळातल्या कितीतरी खऱ्या घंटाही पितळी होत्या. मिश्रधातू पितळी निघाला म्हणून घंटा खोटी ठरत नाही. नवसागरानंही फार तर एवढंच ठरतं की कोणीतरी ती जुनी दिसावी म्हणून धडपडलंय. तिसरा पुरावा हवा.

आळीतून निघताना वसईच्या घंटांचा विषय निघाला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्हं म्हणून देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आजही वाचता येतं. त्या घंटेला प्रमाणपत्र लागत नाही. कुठल्या लढाईत मिळाली, कोणी आणली, कुठे टांगली, हे सगळं लोकांसमोर घडलं आणि ती जागची हललेली नाही. वस्तूचा असा न तुटलेला प्रवास हीच तिची खरी किंमत.

६ ऑक्टोबर, रविवार

तिसरा पुरावा घंटेवरच होता, मुकुटात.

ब्रिटिश मुकुट राजानुसार बदलतो. १९०१ पासून १९५२ पर्यंत, म्हणजे चार राजांच्या काळात, नौदलाच्या चिन्हांवर ट्यूडर मुकुट असायचा. त्याच्या कमानी वर गोल फुगलेल्या असतात. एलिझाबेथ राणी फेब्रुवारी १९५२ मध्ये गादीवर आली आणि तिनं सेंट एडवर्डचा मुकुट घेतला. त्याच्या कमानी मधोमध खाली दबतात. संग्राहक यांना सरळ राजाचा मुकुट आणि राणीचा मुकुट म्हणतात. आमच्या घंटेवरच्या कमानी भिंग न लावताही दबलेल्या दिसतात.

एच.एम.आय.एस. हे बिरुद २६ जानेवारी १९५० ला संपलं, त्या दिवसापासून आपली जहाजं आय.एन.एस. झाली. म्हणजे राणीचा मुकुट आणि एच.एम.आय.एस. एका वस्तूवर येऊच शकत नाहीत. १९४४ च्या घंटेवर तर नाहीच नाही. ज्यानं हे कोरलं त्यानं नंतरच्या एखाद्या ब्रिटिश बिल्ल्यावरून मुकुट उचलला. (२०२२ नंतर चार्ल्स राजानं पुन्हा ट्यूडर धाटणीचा मुकुट घेतलाय. पुढच्या पिढीतल्या तपासणाऱ्यांना नुसत्या कमानीवर भागणार नाही.)

आणि नाव कुठलं निवडलं, तर तलवार! तलवार हे समुद्रावरचं जहाज नव्हतं. मुंबईत कुलाब्याला असलेली ती नौदलाची सिग्नल शाळा. १८ फेब्रुवारी १९४६ ला निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध तिथल्या खलाशांनी संप केला. बी. सी. दत्त यांनी त्याआधीच भिंतींवर 'भारत छोडो'च्या घोषणा रंगवल्या होत्या. एम. एस. खान आणि मदन सिंग संप समितीच्या पुढे आले. बघता बघता ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि सुमारे २०,००० खलाशी उठले, मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं पडली. २३ तारखेला संप मागे घेतला गेला. अनेकांना नोकरीवरून काढलं आणि स्वतंत्र भारताच्या नौदलातही त्यांना परत घेतलं नाही.

हे नाव घंटेवर कोरणाऱ्याला त्याची किंमत बरोबर ठाऊक होती. त्या खलाशांच्या वाट्याला नोकरी आली नाही, आणि त्यांच्या नावावर हा माणूस पैसे कमावतो. याचा राग येतो आणि तो चिठ्ठीत उतरू नये म्हणून मसुदा दोनदा खोडला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विक्रांतचा तुकडा. करंगळीएवढी पोलादाची पट्टी, वर करडा रंग, सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आणि त्यावर क्रमांक.

तुकड्याकडे न बघता आधी प्रमाणपत्रच वाचलं. त्यात म्हटलंय की १९६५ आणि १९७१ च्या दोन्ही युद्धांत लढलेली विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि अलंग इथे तोडली गेली. एका वाक्यात दोन चुका.

१९६५ मध्ये विक्रांत युद्धात नव्हती, दुरुस्तीसाठी गोदीत होती. पाकिस्ताननं तेव्हा ती बुडवल्याचा दावा केला होता, तो त्यामुळेच हास्यास्पद ठरला. आणि ती तोडली गेली अलंगला नव्हे, मुंबईत दारूखान्याला. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्ती, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय, २०१२ मध्ये तेही बंद, २०१४ मध्ये लिलाव, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तोडकाम सुरू. अलंगला गेली ती विराट, २०२० मध्ये. प्रमाणपत्र लिहिणाऱ्यानं दोन विमानवाहू जहाजांची चरित्रं एकात कालवली.

जहाजाचं खरं चरित्र इतकं विलक्षण आहे की खोटं काही जोडायची गरजच नव्हती. १४ ऑक्टोबर १९४३ ला इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी हर्क्युलीस नावानं तिची बांधणी सुरू झाली. २२ सप्टेंबर १९४५ ला जलावतरण झालं, तोवर महायुद्ध संपलं होतं. अर्धवट सांगाडा तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारतानं तो घेतला, बेलफास्टला पुरा करून घेतला आणि ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात आली. १९७१ मध्ये एका बॉयलरला तडे गेलेले असताना तिला बंगालच्या उपसागरात धाडलं, आणि ४ डिसेंबरला तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले.

काका त्या बॉयलरांपाशी नंतर राहिले. "वेग कमी म्हणजे डेकवर समोरून वारा कमी. वारा कमी म्हणजे अलिझे विमानं उडवताना सगळ्यांचा श्वास अडकलेला. वर पायलटचं नाव होतं, खाली स्टीम देणारे आम्ही." त्यांनी तुकडा उजेडात धरला. त्यांचं म्हणणं, जहाजाच्या जुन्या पत्र्यावर रंगाचे थर कांद्यासारखे चढलेले असतात, तळाला शेंदरी प्रायमर आणि वर करड्याच्या कितीतरी छटा. या तुकड्याच्या कापलेल्या कडेवर एकच थर आहे, तोही कड कापल्यानंतर मारलेला, कारण रंग कडेवरून खाली ओघळलाय.

खऱ्या तुकड्याच्या मालकीची साखळी कशी दिसते याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. आकुर्डीच्या बजाजनं तोडकामातलं लोखंड उघडपणे विकत घेतलं आणि २०१६ मध्ये आणलेल्या 'व्ही' मोटरसायकलच्या टाकीवर वापरलं. कोणाकडून घेतलं, कशासाठी घेतलं, सगळं जाहीर. आमच्या प्रमाणपत्रावर विकणाऱ्याचा पत्तासुद्धा नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

वाचनालयात अभ्यासाला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका मुलानं सुचवलं, की पोलादाची किरणोत्सारिता मोजू या. कल्पना हुशारीची आहे. पहिला अणुस्फोट १६ जुलै १९४५ चा. त्याआधी गाळलेल्या पोलादात नंतरच्या हवेतले किरणोत्सारी अंश नसतात, म्हणून जुन्या बुडालेल्या युद्धनौकांचं पोलाद नाजूक मोजमापांच्या उपकरणांसाठी वापरलं गेलं. विक्रांतचा सांगाडा बहुतेक त्याआधीच उभा राहिला होता.

पण आमचं उत्तर त्यातून मिळणार नाही. बेलफास्टला १९५७ नंतर बरंच नवीन पोलाद चढलं. शिवाय कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य जेमतेम सव्वापाच वर्षांचं, त्यामुळे पन्नाशीतलं पोलादही आज जवळजवळ स्वच्छ दिसेल. समजा तुकडा १९४५ पूर्वीचा निघाला, तरी तो विक्रांतचाच कशावरून? मुलाला हे पटलं. चिठ्ठ्या टाइप करायची जबाबदारी त्यानं स्वतःहून घेतली.

२७ ऑक्टोबर, रविवार

ध्वज. पावतीवर 'विक्रांतचा १९७१ च्या युद्धातील ध्वज'. उलगडल्याबरोबर निकाल लागला. तांबड्या क्रॉसच्या मध्यावर अशोकस्तंभ आणि त्याखाली सत्यमेव जयते.

१९५० ते २००१ या काळात नौदलाच्या ध्वजावर तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा एवढंच होतं. २००१ मध्ये क्रॉस गेला, निळं बोधचिन्ह आलं. २००४ मध्ये क्रॉस परतला, मध्यावर अशोकस्तंभासह. खालचं सत्यमेव जयते २०१४ मधलं. आणि २ सप्टेंबर २०२२ ला, नवी विक्रांत कोचीला नौदलात आली त्याच दिवशी, क्रॉस कायमचा जाऊन शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. म्हणजे आमचा ध्वज २०१४ ते २०२२ मधल्या नमुन्याचा.

नोटा तपासायच्या टॉर्चखाली कापड निळसर चमकलं. पण यावर विसंबायचं नाही, आजच्या डिटर्जंटमध्ये धुतलेलं जुनं कापडही तसंच चमकतं. अशोकस्तंभ पुरेसा आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

खुकरीचा क्रेस्ट मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. आज काका आणि मी दिवसभर त्यावरच.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी हंगोरनं टॉर्पेडो मारून आयएनएस खुकरी बुडवली. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. स्वातंत्र्यानंतर युद्धात गमावलेलं आपलं हे एकच जहाज.

क्रेस्टखाली पितळेची पट्टी आहे. तिच्यावर इंग्रजीत कोरलंय, की हा क्रेस्ट समुद्रतळावरून काढलेल्या खुकरीच्या धातूचा आहे, १९७१. ताईंच्या वडिलांनी पेटीतल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत जास्त पैसे यालाच मोजले.

ढालीच्या मागे फिकट रंगात पी ४९ असा क्रमांक आहे. १९७१ ची खुकरी ब्रिटिश बनावटीची फ्रिगेट, तिचा क्रमांक एफ १४९. पी ४९ ही दुसरी खुकरी: माझगाव गोदीत बांधलेली कॉर्व्हेट, ऑगस्ट १९८९ मध्ये नौदलात आली, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आता दीवलाच संग्रहालय म्हणून आहे. नौदल जुनी नावं नव्या जहाजांना देतं. विक्रांत, तलवार, दिल्ली, म्हैसूर, त्रिशूळ, सगळ्यांचं तसंच. खोटेपणा करणाऱ्याला ही रीत फार सोयीची पडते. एकाच नावाची दोन जहाजं असली की एकाची वस्तू दुसऱ्याच्या नावावर सहज खपते.

काकांच्या मते क्रेस्ट स्वतः अस्सल आहे. जहाजाला भेट देणाऱ्यांना, बदली होऊन जाणाऱ्यांना कमांडिंग ऑफिसर असा क्रेस्ट देतात. ओतकाम, रंग, मागची कडी, सगळं तसंच.

मग पट्टी? ताईंना फोन करून परवानगी घेतली आणि काकांनी बारीक स्क्रू काढले. पट्टीखालचं लाकूड आजूबाजूच्या लाकडाइतकंच फिकटलेलं निघालं. पट्टी सुरुवातीपासून तिथे असती तर खाली गडद चौकोन राहिला असता. आणि त्या जागी, नव्या स्क्रूंच्या आत, मेण भरून बुजवलेली दोन जुनी भोकं. टोकदार सुईनं मेण काढलं तर कडेला काळा मळ होता. इथे आधी दुसरी, लहान पट्टी होती. अशा पट्टीवर बहुधा कोणाला, कधी, कोणाकडून हे लिहिलेलं असतं.

हे पाहिल्यावर आम्ही दोघंही जरा वेळ काही बोललो नाही. कोणातरी नौसैनिकाला त्याच्या जहाजानं दिलेली भेट होती ही. त्याचं नाव उपटून फेकलं गेलं आणि त्या जागी १९४ माणसांचं मरण चिकटवलं. खोटी वस्तू खोटा इतिहास तयार करते, हे मला माहीत होतं. खरा इतिहास ती आधी पुसून टाकते, हे इतक्या स्पष्टपणे आजच दिसलं. त्या माणसाचं नाव आता कधीच कळणार नाही.

काकांचं म्हणणं, पट्टी मुठा नदीत टाकून दे. मी नाही म्हटलं. पट्टी आणि स्क्रू पाकिटात घालून, वर तारीख आणि दोघांच्या सह्या. ती फसवणुकीचा पुरावा आहे, जपायलाच हवी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

घोरपडीच्या युद्धस्मारकात जाऊन त्रिशूळची प्रतिकृती पुन्हा पाहिली. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला, या त्रिशूळवरून नौसैनिक अंजदीव बेटावर उतरले आणि त्यात सात जण कामी आले. प्रतिकृती आहे म्हणून तिच्यापुढे कोणाचा ऊर कमी भरून येत नाही. विश्वस्तांसमोर हे उदाहरण ठेवायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

ताईंना सगळं सांगितलं. त्यांच्या घरी, चहा झाल्यावर, एकेक वस्तू, कारणांसह. घंटेला आणि विक्रांतच्या तुकड्याला त्या नुसत्या मान हलवत होत्या. खुकरीपाशी त्यांचे डोळे भरले. "बाबा रोज त्याच्यावरची धूळ पुसायचे हो."

मी म्हटलं, बाबांची श्रद्धा खरी होती आणि क्रेस्टही खरा आहे, फक्त दुसऱ्या खुकरीचा. हे सांत्वन म्हणून म्हटलं नाही, तसं आहेच. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, सगळं मांडा, काहीही लपवू नका, किमतीही लिहा. किमती लिहाव्यात हे माझ्या मनात आलंच नव्हतं. सूचना मोलाची आहे. घेणाऱ्याला नेमकं कुठे सावध व्हायचं ते आकड्यावरून कळतं.

त्यांच्यासमोरच विक्रेत्याला फोन लावला. "मॅडम, ते आम्ही शोपीस म्हणून विकलं होतं." पावतीवर 'मूळ वस्तू' असा शब्द आहे, तो वाचून दाखवल्यावर फोन बंद.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

विश्वस्तांची बैठक. एका ज्येष्ठ विश्वस्तांचं म्हणणं होतं, की मुलांना स्फूर्ती मिळाली म्हणजे झालं, घंटा खरी का खोटी हे कोण विचारतंय. तळमळ खरी आहे त्यांची. पण स्फूर्ती तलवारच्या संपातून मिळायला हवी, आणि तो संप खराच आहे. त्याला खोट्या घंटेचा टेकू दिला, तर उद्या घंटा उघडी पडल्यावर लोक संपाकडेही संशयानं पाहतील. काकांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं: "साहेब, खुकरीवरच्या माणसांच्या घरचं कोणी हॉलमध्ये आलं आणि ही पट्टी वाचली तर? आपण काय सांगायचं?"

ठरलं: दोन टेबलं. एकावर खऱ्या वस्तू, दुसऱ्यावर बनावट वस्तू आणि त्या कशा ओळखल्या ते.

३० नोव्हेंबर, शनिवार

चिठ्ठ्या छापून आल्या. पहिल्या टेबलावर क्रेस्ट आणि दुर्बीण. दुर्बीण बार अँड स्ट्राउड कंपनीची सीएफ ४१ आहे, अ‍ॅडमिरल्टीचा (ब्रिटिश नौदल खात्याचा) नमुना क्रमांक १९००ए आणि सरकारी मालकीचा बाणाचा शिक्का. सगळं एकमेकांशी जुळतं. पावतीवर मात्र 'आयएनएस दिल्लीवरील' असंही आहे. दिल्ली म्हणजे आधीची अकिलीज. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत लढलेली आणि १९४८ मध्ये आपल्याकडे आलेली क्रूझर. दुर्बिणीला तिच्याशी जोडणारा एकही कागद नाही. चिठ्ठीवर: 'ब्रिटिश नौदलासाठी बनवलेली अस्सल दुर्बीण. कोणत्या जहाजावर होती याचा पुरावा नाही.' काकांना ही चिठ्ठी सगळ्यांत आवडली.

५ डिसेंबर, गुरुवार

काल गर्दी दुसऱ्या टेबलापाशी जास्त होती. शाळेची मुलं भिंगातून मुकुटाच्या कमानी बघत होती, आणि एका मुलीनं ध्वजाचं वर्ष आईला स्वतः समजावून सांगितलं.

दुपारी औंधहून आलेले एक गृहस्थ विक्रांतच्या तुकड्यापाशी बराच वेळ उभे होते. संध्याकाळी ते पिशवी घेऊन परत आले. तसाच ठोकळा, तसंच सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, १९६५ आणि अलंग हेही तसंच. दोन्ही प्रमाणपत्रं शेजारी ठेवली तर क्रमांकही तोच. विक्रेताही तोच.

त्यांच्या पावतीची आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून आमच्या कागदांना जोडली, नोंदवहीत चढवली. फसवणुकीची तक्रार दोघांनी मिळून करायची असं ताई फोनवर म्हणाल्या. सोमवारी अकरा वाजता दोघंही वाचनालयात येणार आहेत. टंच काढलेल्या दुकानाचा छापील कागद आणि खुकरीच्या पट्टीचं पाकीट त्याच फायलीत ठेवलंय.